पेटी कुणासाठी थांबते

आम्ही आदिलाबाद जिल्ह्यात तलमडुगूकडच्या गावात राहायचो तेव्हा घरात माणसं चार आणि पावसात कोरडी राहणारी भिंत एकच. आई-बाबा दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. बोंडांच्या टोकांनी बाबांच्या बोटांना चिरा पडायच्या आणि त्याच बोटांनी ते पौर्णिमेला विहारात पेटी वाजवायचे. गाणारे सगळे मजूर. दिवसभर वाकून आलेल्यांचा दम ओळ संपायच्या आतच संपायचा. मग बाबा भाता हलवत तोच सूर धरून ठेवायचे आणि गाणाऱ्याने श्वास घेतला की पुढे जायचे. मला शिकवताना त्यांनी एकच नियम घातला होता : गाणाऱ्याला मागे टाकून पेटी जात नाही.

मी घरातली पहिली पदवीधर. हे सांगताना मी लाजत नाही. आता इचोड्याला शाळेत शिकवते, आई-बाबा माझ्याकडेच असतात. नोकरी लागल्यावर जुनी पेटी घेतली आणि पुण्याच्या एका बाईंकडे फोनवरून शास्त्रीय संगीत शिकले. त्यांनीच मला वादकांच्या एका ऑनलाइन गटात घातलं. तबला टोरांटोत, सारंगी मेलबर्नला, गाणाऱ्या ताई न्यू जर्सीत, आणखी सात जण कुठे कुठे. सगळ्यांनी मिळून भूप वाजवायचा होता. तबलजींकडे रात्र असायची, माझ्याकडे सकाळचे साडेसहा आणि खिडकीबाहेर नागपूरकडे जाणारे ट्रक.

ऑनलाइन तालमीत काही आवर्तनं झाली की लय मंदावायची. आवाज तिकडून यायला वेळ लागतो, म्हणून तबला मला मागे पडल्यासारखा ऐकू यायचा. मी थांबायचे. माझं थांबणं तिकडे उशिरा पोहोचायचं, मग तेही थांबायचे. एकमेकांची वाट बघत आम्ही रांगायला लागायचो. तबलजी एकदा न चिडता म्हणाले, "ताई, तुम्ही माझ्याकडे लक्षच देऊ नका." मला नेमकं तेच जमेना.

शेवटी ठरलं की प्रत्येकाने आपापलं वेगळं रेकॉर्ड करायचं, नंतर कुणीतरी ते जोडेल. न्यू जर्सीच्या ताईंचं गाणं आधी आलं. त्यासोबत लयीची टिकटिक होती. दोन्ही कानात घेऊन वाजवायचं आणि रविवारपर्यंत पाठवायचं. ज्याचं येणार नाही, त्याच्याशिवाय पुढे जातील.

चार दिवस वाजवलं. ताईंनी श्वास घेतला की माझं बोट अडायचं, टिकटिक निघून जायची. पुन्हा पहिल्यापासून. बाबा दारात बसून बघायचे. त्यांना फक्त पेटी ऐकू यायची.

"कोनासंगं वाजवून राह्यली वं?"

अमेरिकेतल्या लोकांसोबत, असं मी सांगितलं. मले तर कोनी दिसत नाही, म्हणाले.

शनिवारी मी पेटी बंद करून टाकली. एवढं शिकून स्वतःच्या बोटांना एक साधी गोष्ट सांगता येत नव्हती. बाबा जवळ येऊन बसले. मी एक इअरफोन त्यांच्या कानात घातला. ते मांडीवर बोट आपटत ऐकू लागले. ताईंनी श्वास घेतला आणि बाबांचं बोटही माझ्यासारखंच अडलं. पुढच्या ओळीला पुन्हा अडलं.

"हे तर थांबतच नाही वं."

"नाही थांबत, बाबा."

"अन् त्या बाईचा दम?"

"तिचं गाऊन झालं, बाबा. मागच्याच आठवड्यात."

 त्यांनी इअरफोन काढून माझ्या हातात दिला.

"मंग कोनासाठी थांबून राह्यली? वाजव."

मी वाजवलं. ते दाराकडे तोंड करून बसले होते.

रविवारी सकाळी रेकॉर्डिंग पाठवलं. तो व्हिडिओ आता कुणालाही बघता येतो. त्यात अकरा चौकटी आहेत. खालच्या ओळीतली डावीकडून दुसरी माझी. पेटी पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत लयीत आहे.