क्रॉसिंगपुरतं गाव

दर मे महिन्यात आम्ही बोरिवलीहून पहाटे रिक्षा करून ठाणे गाठतो आणि तिथून मडगावची गाडी धरतो. मडगाव म्हणजे बायकोचं माहेर. वाटेत माझं गाव लागतं, पण तिथे ही गाडी थांबत नाही. वेळापत्रकात तरी नाही. कोकणात रूळ एकेरी. समोरून गाडी आली की एकीने कुठल्यातरी स्टेशनात बाजूला उभं राहायचं. आमचं हे क्रॉसिंग बहुतेक वेळा माझ्याच गावात पडायचं.

गाडी उभी राहिली की डबा रिकामा होतो. कुणी कंबर सरळ करतं, कुणी नळावर तोंड धुतं. "गार्डपण उतरलाय, निवांत रे!" असं कुणीतरी ओरडतं आणि बाकीचे निर्धास्त होतात. मीही उठायचो. "पाय मोकळे करून येतो."

"तुझे पाय बरे याच स्टेशनवर आखडतात रे," बायको म्हणायची. "एवढं आहे तर बॅग घेऊन उतर ना एकदा."

मी हसून उतरायचो आणि फलाटाच्या टोकाला जायचो. तिथून तांबड्या मातीचा रस्ता खाली जाताना दिसतो, मग वळण, वळणावर काजूची झाडं. घर त्यापलीकडे. घरात आई आणि दादा. तापलेल्या गवताचा वास यायचा, कुणाच्या तरी चुलीवर सुकट भाजल्याचा यायचा. वळणापर्यंत पाच मिनिटांची वाट असेल. मी बघत राहायचो. शिट्टी झाली की परत.

आता सांगतोच. सुट्टी नव्हती म्हणून मी घरी जात नव्हतो, असं नाही. घरी गेलं की आई पहिला दिवस काही बोलत नसे. दुसऱ्या दिवशी वाढता वाढता हळूच विचारायची, "माका कधी नेतलंस?" बोरिवलीच्या दोन खोल्या, लेकीची बारावी, बिनलिफ्टचा जिना. सगळं खरं आहे आणि त्यातलं एकही कारण नाही. आई आल्यावर माझ्या घरात जे जे बदललं असतं, ते मला नको होतं. बायकोने कधी नाही म्हटलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं तिला.

या मेमध्ये मात्र राहवेना. दादाला फोन करून आईला स्टेशनवर आणायला सांगितलं, "क्रॉसिंगला उतरतंय. आवशीक स्टेशनार हाडशीत? धा मिनटा तरी भेटतलंव." चारचौघांत, फलाटावर, ती तो प्रश्न काढणार नाही, असाही एक हिशेब मनात होताच.

एरवी उशिरा धावणारी गाडी नेमकी त्या दिवशी वेळेवर होती. मी आधीपासूनच दारात उभा. गाव आलं, पण वेग कमी होईना. फलाट सर्रकन समोर आला. बाकावर आई, मांडीवर पिशवी, शेजारी दादा. मी हात केला. ती उठायला लागली. ती पुरती उभी राहायच्या आत फलाट संपला.

क्रॉसिंग पुढच्या स्टेशनात पडलं. सगळे उतरले. मी दारातूनच दादाला फोन लावला. विचारलं, "पिशयेत काय होता? आंबे?"

"खयचे आंबे!" दादा म्हणाला. "तिची लुगडी आसत. गोळ्यांची पाकिटा आसत. तुझ्यावांगडा बोरिवलेक जातंय म्हणान सकाळपासून तयार होऊन बसलेली."

"तिका सांगूक नाय तू?"

"सांगलंय. आयकता कोणाचा?"

मग फोन आईने घेतला. "गाडी थांबाक नाय रे?"

"नाय गे."

"तुझी काय चूक त्यात. येताना थांबतली मा?"

आमचं परतीचं तिकीट बसचं होतं. मी म्हटलं, "बघतंय."

समोरची गाडी धडधडत निघून गेली. लोक धावत चढले. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि सरकून खिडकीची जागा मला दिली.

परवा दादाशी बोललो. आईने ती पिशवी अजून सोडलेली नाही म्हणे. लागेल ते लुगडं त्यातूनच काढते, आणि धुऊन, घडी घालून पुन्हा त्यातच ठेवते.