तातेराव पाणी प्यायला शिकले

साखऱ्याच्या तातेरावांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी पाणी प्यायला शिकावं लागलं. बोलायला मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते पोटातूनच शिकून आले असावेत. सेनगाव तालुक्यात कुठंही बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट भरायचा असला, की जोड्या कुणाच्या हे नंतर ठरायचं, माईकवर तातेराव हे आधी. जोडी सुटली रे सुटली, की त्यांचा आवाज बैलांच्याही पुढं धावायचा. “आली आली आलीऽऽ! धुरकरी बघा, धुरकरी! कासरा धरून बसलाय का उडून राहिला? अन् ही गेली, गेलीऽऽ! घड्याळवाले, डोळे उघडा!” जोडी सात सेकंदांत पट पार करते. तेवढ्यात तातेराव जोडीचं गाव, मालकाचं नाव, मालकाच्या सासऱ्याचं नाव आणि तो सासरा या क्षणी कुणाच्या छत्रीखाली घुसून बसलाय, एवढं सगळं सांगून मोकळे.

दिवाळी झाली आणि टायफॉइडनं त्यांचं आतडं फुटलं. नांदेडला तातडीनं ऑपरेशन झालं. शुद्धीवर येऊन बघतात तर पोटाच्या उजव्या अंगाला आतड्याचं लालचुटूक तोंड बाहेर काढलेलं आणि त्यावर एक पिशवी चिकटवलेली. खाल्लेलं पुढं मोठ्या आतड्यात जायचंच नाही, इथूनच पिशवीत उतरायचं. तीन-चार महिन्यांनी आतडं परत आत जोडून देणार. तातेरावांनी पिशवीकडं बराच वेळ पाहिलं आणि बायकोला म्हणाले, “आशे, हिंगोलीचं तिकीट काढलं अन् यष्टीनं सगळ्यायला फाट्यावरच उतरवलं की गं.”

आशाबाई रडत होत्या. त्या रडता रडता हसल्या आणि मग कशासाठी रडत होतो तेच विसरल्या.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरनं दोघांना समोर बसवलं. तिचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. “काका, ध्यान से सुनो. पाणी शोषून घ्यायचं काम मोठं आतडं करतं. ते आता छुट्टीवर आहे. तो पानी भी जायेगा, नमक भी जायेगा. म्हणून नुसतं साधं पाणी ढसाढसा प्यायचं नाही, ते अंगातलं मीठ घेऊन पिशवीत उतरतं. ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात, आणि घोट घोट, दिवसभर. चाय कम. जेवणात मीठ जरा वरून. लघवी गडद झाली, पायात गोळे आले, चक्कर आली तर घरी बसायचं नाही. समझे?”

“समझे,” तातेराव म्हणाले. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. “डॉक्टरसायब, माघात गोरेगावचा पट हाय. माईकवर बसू का?”

“पटाच्या दोन दिवस आधी रक्त तपासा,” डॉक्टर म्हणाले. “किडनीचा आकडा बरोबर आला तर बसा. नाही आला तर सलाईन लावून झोपा.”

सतरा वर्षांत गोरेगावची फायनल दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघाली नव्हती. त्यामुळं घरी आल्या दिवसापासून तातेरावांनी पाण्याचं फार मनावर घेतलं. अडचण एकच झाली. त्यांना पाणी एकाच तऱ्हेनं पिता यायचं. मान मागं, तांब्या वर, तोंड उघडं आणि धार! तांब्याला ओठ लावायचा नाही आणि तांब्या रिकामा झाल्याशिवाय मान खाली घ्यायची नाही. त्यांचे वडील असेच प्यायचे, भावकी अशीच प्यायची, आणि तांब्या उष्टा केला म्हणून साखऱ्यातल्या प्रत्येक लेकरानं कधी ना कधी पाठीत धपाटा खाल्लेला होता. घोट घोट पाणी प्यायचं म्हणजे मान वर करून धार अर्ध्यात थांबवायची. ते काही जमेना. धार नाकात गेली, शर्टात गेली, एकदा कानात गेली. शेवटी तातेरावांनी ओआरएसचा अख्खा लिटर तांब्यात ओतला, मान मागं टाकली आणि एका दमात पार केला.

पाऊण तासात पिशवी फुगून टम्म.

“आशे, धरण भरलं! दरवाजे उघड! खालच्या गावायला इशारा दे!”

धरण दिवसातून सात-आठ वेळा भरू लागलं. ते रिकामं झालं की घसा कोरडा पडायचा. घसा कोरडा पडला की तातेराव पुन्हा तांब्या उचलायचे, आता साध्याच पाण्याचा. त्यात भेटायला येणारी माणसं. आजारी माणसाला भेटायला आलेल्याला चहा द्यायचा आणि त्याला एकट्याला प्यायला लावायचं नाही, ही साखऱ्याची रीत. तातेराव दिवसाकाठी अकरा-अकरा चहा प्यायले.

आलेला प्रत्येक जण डॉक्टर. शेजारचा ग्यानबा बाजेवर बसायच्या आधीच सुरू व्हायचा, त्याचा आवाज नाकातून यायचा. “तातेराव, पाणी पे, पाणी! माझ्या साडूला मुतखडा झाला व्हता. रोज हंडाभर प्यायचा. आज बघ, घोड्यावानी हाय.”

“घोडा तर तो आधीबी व्हताच की.”

मागच्या गल्लीतला जळबा मोजून चार शब्द बोलणारा माणूस. त्यानं पिशवीकडं पाहिलं, छताकडं पाहिलं आणि निकाल दिला. “येतंय काहून? पितोस म्हणून.” आणि उठून गेला.

तातेरावांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत पाण्याला हातच लावला नाही. पिशवी खरंच शांत राहिली. तातेराव अंगणात उभे राहून जळबाची तारीफ करत होते, तेवढ्यात डाव्या पोटरीत असा गोळा आला की तारीफ अर्ध्यात आणि तातेराव ओट्यावर. डोळ्यांपुढं काजवे. लघवी उकळून ठेवलेल्या चहासारखी.

जीप करून हिंगोली गाठली. दोन दिवस सलाईन चाललं. किडनीचा आकडा वर गेला होता. डॉक्टरांनी नांदेडहून फोनवर सांगितलं, “असंच चाललं तर पट विसरा. पुढचं ऑपरेशनसुद्धा लांबेल.” पटाला पंधरा दिवस उरले होते. जीपमधून घरी येताना तातेराव गोरेगाव फाट्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ड्रायव्हरनं घाबरून आशाबाईंना विचारलं, “काकू, काकांना काय झालं? गाडी परत फिरवू का?”

घरी ग्यानबा वाटच बघत होता. आशाबाईंनी चहा टाकला. तातेरावांनी आपला चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि ओढला. फुर्रर्र. थांबले. परत फुंकर. फुर्रर्र. मग ग्यानबाच्या साडूची विचारपूस. मग फुर्रर्र. आशाबाई चुलीपाशी सांडशी हातात धरून बघतच राहिल्या. एका कपाला अर्धा तास! इवला इवला घोट, मधे दम, मधे गप्पा, परत घोट. सिस्टर जे सांगून सांगून थकली ते हा माणूस चाळीस वर्षांपासून करत होता, फक्त चहाला.

दुसऱ्या दिवशी ग्यानबाला चहा आला आणि तातेरावांपुढं कपबशीत काहीतरी पांढुरकं, कोमट.

“ह्यो कसला चहा?”

“पुडीचा. फुंका अन् प्या.”

तातेरावांनी बशी तोंडाला लावली, तोंड वाकडं केलं, पण हात सवयीचा. फुर्रर्र. मग गप्पा. मग फुर्रर्र. संध्याकाळपर्यंत लिटरभर संपलं आणि धरण चारदाच उघडावं लागलं, तेही अर्धवट भरलेलं.

मग काय, आशाबाईंनी गल्लीच अडवली. बशीतलं पाणी एकट्यानं प्यायचं तर तातेराव विसरून जात. समोर माणूस पाहिजे, गप्पा पाहिजेत. त्यामुळं शेताला निघालेला माणूस दिसला की दारातून हाक. “अवं भावजी, या की!”

“वैनी, मोटर चालू करायला निघालो.”

“मोटर पळून जाऊन राहिली का? बसा. ह्यांना प्यायचंय.”

ज्याला काही काम नव्हतं त्याला तर सकाळ-दुपार दोन चहा. जळबाला मुद्दाम बोलावून बसवला. तो तासभर एक शब्द बोलला नाही, पण त्या तासात तातेरावांनी दोन कप संपवले, कारण त्याच्या वाटचंही तेच बोलत होते. भात जरा घट्ट, वरून मीठ, दुपारी केळं. लघवी रोज बघायची आणि आशाबाईंना कळवायची. तातेराव ते कळवायचे मोठ्यानं, अंगणातून. “आजचा निकाल, मंडळीऽऽ! उसाच्या रसावरून लिंबाच्या सरबतावर!”

“अवं हळू! पलीकडं जेवून राहिलीत माणसं.”

पटाच्या दोन दिवस आधी रिपोर्ट आला. आकडा बरोबर. तांड्यावरचे बाबूसिंग पट कमिटीचे प्रमुख, ते स्वतः सुपारी घेऊन आले. “तातेराव, माईक तुझाच. पण तू पडलास तर मी काय करू?”

“म्या पडलो तर म्याच सांगीन की माईकवरून, पडलो म्हणून.”

गोरेगावला त्या दिवशी साठ जोड्या उतरल्या होत्या. आशाबाई मंडपात माईकशेजारी बसल्या. सोबत पाण्याच्या बाटल्या, पुड्या, जादाची पिशवी, कपबशी. पहिला दीड तास झकास गेला. दर चार जोड्यांनंतर भोंग्यातून सगळ्या मैदानावर आवाज जायचा, फुर्रर्र. पोरं टाळ्या वाजवायची.

मग हट्ट्याची जोडी आली आणि घड्याळात साडेसहा सेकंद लागले. लगेच मागून प्रेमदासची, तांड्यावरची. तिलाही साडेसहा! मैदान उभं राहिलं, तातेरावही उभे राहिले ते खाली बसेनात. आशाबाई बशी पुढं करायच्या, तातेराव हातानं बाजूला सारायचे. ऊन चढलं. दोन कप निवून पडले, मग तीन. पन्नासाव्या जोडीला आवाज बारीक झाला. ओठ एकमेकांना चिकटायला लागले. बावन्नाव्या जोडीला डाव्या पोटरीत तोच गोळा.

तातेरावांनी तो ओळखला. आठ जोड्या आणि फायनल बाकी होती. अजून अर्धा तास रेटता आलं असतं, आणि मग सरळ हिंगोलीची खाट. त्यांनी माईककडं पाहिलं, आशाबाईंच्या हातातल्या बशीकडं पाहिलं. एका हातानं बशी घेतली आणि रिकाम्या झालेल्या त्यांच्या हातात माईक ठेवला.

तोवर जोडी सुटलेली.

“अवं...” भोंग्यातून आशाबाई म्हणाल्या. “जोडी आली. कुणाची हाय देव जाणे. डावीकडचा बैल गुणी दिसून राहिला. उजवीकडचा आमच्या ह्यांच्यावानी, तोंड पुढं अन् पाय भलतीकडं!”

मैदान असं हसलं की धुरकरीही हसला आणि जोडी बाजूच्या हरभऱ्यात शिरली.

तातेराव मंडपामागच्या बाजेवर आडवे. ग्यानबा पोटरी दाबतोय, तातेराव बशीवर बशी ओढतायत आणि पिशवीवर हात धरून हसतायत. “आशे, अगं घड्याळ सांग, घड्याळ!” भोंगा उत्तर देई, “मधे बोलू नका, प्या! पळ रं लेकरा, पळ, मागं मालक काठी घेऊन येऊन राहिला!” आठही जोड्या तशाच पार पडल्या.

फायनलच्या आधी बैलांना तासभर विसावा होता. तातेराव माईक मागायला आले. आशाबाईंनी माईक तोंडापासून दूर न करताच विचारलं, “आधी लघवीचा रंग सांगा.”

गोरेगावनं ऐकलं. बाजारानं ऐकलं. सेनगावच्या जीपमध्ये बसलेल्या माणसांनी खाली उतरून ऐकलं.

“काय रंग हाय, तातेरावऽऽ?” मैदानातून शे-दीडशे जणांनी विचारलं.

तातेराव उसामागं जाऊन आले. खोटं बोलता आलं असतं. “गडदच हाय अजून जरा,” ते पडेल आवाजात म्हणाले. “पण गोळा गेला. चक्कर न्हाई.”

“मग उभं राहायचं न्हाई.”

“अन् झोपून?”

आशाबाईंनी विचार केला. बाबूसिंगांनी चौघांना हाक मारली. चौघांनी बाजेचे चार पाय उचलले आणि तातेरावांसकट बाज पटाच्या शेवटच्या रेषेकडं निघाली. माईक आता तातेरावांच्या हातात होता. “मंडळी, टोप्या काढू नका! फुलं टाकू नका! अजून जित्ता हाय! ह्ये चौघं नुसता सराव करून राहिलेत!”

हट्ट्याची अन् प्रेमदासची, दोन्ही जोड्या एकदम सुटल्या. बाजेवरून तातेरावांना ना मालक दिसत होते, ना त्यांचे सासरे. दिसत होते नुसते सोळा पाय आणि खालची माती. तेच ते बोलत गेले, हळू, आवाज राखून. हा पाय पडला, तो उचलला, माती उडाली, पांढरा पाय पुढं, लाल पाय पुढं, पांढरा, लाल, पांढरा... ऐकायला सगळं मैदान भोंग्यांकडं सरकलं. “हट्टा!” तातेराव म्हणाले. “एका खुरानं हट्टा!” घड्याळवाल्यानंही तेच सांगितलं.

गुलाल उधळला गेला. बाजेच्या चहूबाजूंनी माणसं जमली आणि पाठीमागून ओरडा सुरू झाला, “वैनीला द्या! बक्षिसाला वैनीला माईक द्या!” तातेरावांनी माईक छातीशी घट्ट धरला. ओरडा वाढला. त्यांनी एकदा ग्यानबाकडं पाहिलं, एकदा बाबूसिंगांकडं, आणि रागानं लाल व्हायचा प्रयत्न करत असतानाच त्यांना हसू फुटलं. माईक पुढं गेला.

“हट्ट्याचे मालक कुठं हाईत?” आशाबाई भोंग्यातून म्हणाल्या. “लवकर येऊन ढाल घेऊन जा. आमाला जीप गाठायचीय.”