गाडीची खांदमळणी

शेजारच्या स्वयंपाकघरातून कढत तुपात हळद पडल्याचा वास आला आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप आवळली गेली. हातात ब्रेक नव्हता, कोथिंबिरीची जुडी होती. पण बोटांना कोण समजावणार? उद्या पोळा, म्हणजे आज खांदमळणी. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे आज कोमट पाण्यानं शेकायचे, त्यांवर हळद-तूप चोळायचं आणि कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." अमरावतीतल्या आमच्या गल्लीत आता बैल नाहीत, पण शेजाऱ्यांची एक जोडी अजून गावाकडे आहे आणि वाटी भरून तिकडे जाते. तो वास आला आणि माझा गेल्या वर्षीचा वैताग जसाच्या तसा ताजा झाला.

चाळिशीला टेकल्यावर मोटारसायकल शिकायची हौस मला मुळीच नव्हती. बदली झाली ती नांदगाव पेठेच्या पुढल्या एका आडगावातल्या शाळेत. शेवटचे दोन किलोमीटर काळी माती. पावसाळ्यात स्कूटीची इवलीशी चाकं तिथं अशी रुततात की ओढून काढायला चार माणसं लागावीत. नवरा नोकरीला अकोल्याला, घरी येणार शनिवारी. त्याची मोटारसायकल अंगणात धूळ खात होती, ती माझ्या गळ्यात पडली. आणि गाडीबरोबर सल्लेही पडले. मुख्याध्यापक म्हणतात, मोबाइलवरची हजेरी वेळेत लागलीच पाहिजे. नवरा अकोल्याहून फोनवर म्हणतो, सावकाश जात जा. मेकॅनिक म्हणतो, "म्याडम, चेन कोरडी ठेवू नका, अन् निंगाच्या आंधी ब्रेक दाबून पाहात जा." अहो, पण सावकाश गेलं की हजेरी चुकते, हजेरी गाठायची तर सावकाश राहत नाही, आणि या धबडग्यात चेनला तेल कधी घालायचं ते एकही शहाणा सांगत नाही. सकाळी डबा, पाणी, सासऱ्यांचा चहा, ओढणी, हेल्मेट, किल्ली. ब्रेक दाबून पाहायला तिसरा हात आणायचा कुठून!

वर घरचे सल्लागार होतेच: माझे सासरे. शेवटची जोडी विकून ते आमच्याकडे राहायला आले आणि गोठा गेला तरी त्यांची गोठ्यातली सवय गेली नाही. रोज सकाळी मी घाईत किल्ली शोधत असताना ते गाडीपाशी उभे. कधी टायर अंगठ्यानं दाबून बघतील, कधी सीटवर थाप मारतील. आणि नेमकं मी किक मारताना म्हणतील, "पयवाले काय लागते पोरी? बैल कोनीबी पयवते. थांबवनं शिकाव लागते." मी दात-ओठ खात "हो बाबा" म्हणायची आणि सुसाट निघायची.

गेल्या वर्षी पोळ्याची सुट्टी संपवून मी अशीच निघाले. उशीर झाला होता. गल्लीत मी पायाचाच ब्रेक वापरते, त्यामुळे काही कळलं नाही. नांदगाव पेठेजवळ कापडाच्या कारखान्याकडे जाणारी कामगारांची बस पुढ्यात एकाएकी थांबली. मी हाताचा ब्रेक आवळला. दांडा मुठीपर्यंत आला, गाडी थांबायचं नाव घेईना. पाय दिला तसं मागचं चाक फरफटलं आणि मी गाडीसकट रस्त्याकडेच्या बेशरमाच्या झुडपांत. कोपर सोललं, गुडघा फुटला, पण त्या मेल्या बेशरमानं जीव वाचवला. ढकलत ढकलत गाडी मेकॅनिककडे नेली. त्यानं पुढच्या चाकाच्या ब्रेकवर, त्या चकचकीत तबकडीवर बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहतच राहिला.

"म्याडम, ब्रेकले तूप कोनं चारलं?"

तूपच होतं. हळदीसकट.

घरी पोहोचेपर्यंत माझी शाळेतली शुद्ध भाषा रस्त्यातच कुठं तरी गळून पडली होती. सासरे ओट्यावर बसले होते. सगळी गल्ली ऐकत होती आणि मी किंचाळत होते, "कावून लावलं तुमी हे? बैल हाये का थो? मेली असती ना मी! आजपासून माह्या गाडीले हात लावाचा नाई!"

"सारं वझं चाकावरच पडते ना," ते एवढंच म्हणाले. "म्हनून जू तिथंच असन, असं वाटलं." मग माझ्या कोपराकडे पाहिलं आणि उठून आत गेले. गाडी मी सत्तरनं हाणत होते आणि निघताना ब्रेक एकदाही दाबून पाहिला नव्हता, हे मात्र मी कोणालाच सांगितलं नाही. तेही त्यांच्याच माथी मारलं.

त्यांनी माझा शब्द पाळला, हीच तर शिक्षा. आठवड्याभरात मडगार्डमध्ये चिखल थापला गेला आणि चाक फिरेना. तेव्हा कळलं की तो रोज संध्याकाळी काडीनं कोणी तरी कोरून काढत होतं. चेन कुरकुरायला लागली. हवा परस्पर कमी होऊ लागली. ज्या हातांनी मला मारायला घेतलं होतं, तेच हात एवढे दिवस मला सुखरूप पोहोचवत होते. आता सासरे गाडीजवळून जाताना दोन्ही हात पाठीशी बांधून जात. ते बांधलेले हात पाहिले की माझा असा संताप व्हायचा, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा. पण 'चुकलं' म्हणायला जीभ रेटेना. वर्ष तसंच गेलं.

आज त्या वासानं मात्र राहवेना. कोथिंबीर टाकली, तूप कढवलं, हळद घातली आणि वाटी घेऊन तरातरा ओट्यावर गेले. "चला बाबा. कुठं लावायचं ते मी दाखवते."

ते बिचकतच उठले. मी गाडीभोवती फिरू लागले. चाकाला नको. हँडलला लावलं तर हात सटकेल. सीटला लावलं तर मीच घसरेन. पायाच्या ब्रेकला तर नकोच नको. दोन फेऱ्या झाल्या, वाटी निवायला आली, आणि एवढ्या मोठ्या धुडावर बोटभर तूप लावायला जागा सापडेना. वैताग नुसता! शेत गेलं, गोठा गेला, बैल गेले. या माणसाचा हात मात्र अजून खांदा शोधतोय आणि मला तोही दाखवता येईना.

त्यांनी वाटी माझ्या हातून घेतली, क्षणभर धरली आणि परत माझ्याच हातात दिली.

"गाडीले खांदा नसतेच पोरी. मीच येडा. वझं तर तू वाह्यतं. जाय, तुह्याच खांद्याले लाव." मग माझ्याकडे न बघता, फाटकाकडे तोंड करून हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"जेवायला या म्हणे! उद्याचं पुरण शिजवणार कोण? मीच ना?"

"वाटून देतो मी."

"चुकलं माझं बाबा," मी म्हणाले, पण ते इतकं चिडून निघालं की त्यांना ते नवीन भांडणच वाटलं असेल. मी आत आले. डोळ्यांत पाणी होतं. तेही रागाचंच, असं मी ठरवून टाकलं. मोठं पातेलं काढत होते तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"मांगच्या चाकात हवा कमी हाये!"

"माहीत आहे मला!" मी आतूनच ओरडले.

मला माहीत नव्हतं.