दोन ठिपक्यांची अळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी आमटी करपली तरी आधीच सांगून मोकळी होते. तुम्हाला सांगते. हसू आलं तर हसा. अर्ध्या वाटेपर्यंत मलाही येतं.

मी महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मंदाही तिथेच शिकवते. ती कापडे गावची, माझी जिवाभावाची मैत्रीण. दोघींना खूळ एकच — भातखाचरातल्या पाणभुंगेऱ्यांच्या अळ्या. कोयत्यासारखे जबडे आणि भूक अशी की विचारू नका! नुसत्या अळीवरून जात ओळखणं अवघड. खात्री हवी तर ती वाढवायची आणि बाहेर पडणारा भुंगेरा बघायचा. पण एका बरणीत एकच अळी. दोन ठेवल्या की एक दुसरीला शोषून टाकते. हे मीच पोरांना घसा फोडून सांगते बरं!

त्या भाद्रपदात मंदाला खाचरात एक वेगळी अळी मिळाली. डोक्यावर दोन काळे ठिपके. ही आपल्याकडची नेहमीची नव्हे, असं तिनं सगळ्या स्टाफरूमला छातीठोक सांगितलं. गणपतीला गावी जाताना बरणी माझ्याकडे ठेवली. माझ्याकडे माझी एक होतीच — नाते गावच्या ओढ्यातली, अगदी साधी.

आणि गौरी आल्या. तेरड्याच्या जुड्या पाण्यात ठेवायला भांडं मिळेना. मग मी काय करावं? मंदाची अळी माझ्या बरणीत ओतली — एका रात्रीपुरती! तेरडा मात्र सकाळी टवटवीत होता.

बरणीत एकच अळी होती, चांगली गलेलठ्ठ. तळाशी रिकामं कातडं. मी ते भिंगाखाली धरलं. कशाला धरलं? न बघता राहिले असते तर निदान ठाऊक नव्हतं असं तरी म्हणता आलं असतं. डोक्यावर दोन ठिपके होते.

कातडं मी तुळशीत पुरलं. मंदाला म्हटलं, माझी मेली, तुझी छान आहे. ठिपके कुठे गेले विचारलं तिनं, तर म्हटलं, कात टाकताना गेले असतील.

पुढे त्या अळीतून नेहमीचाच भुंगेरा निघाला. स्टाफरूमनं मंदाची यथेच्छ थट्टा केली. तीही हसली — मीही हसले. त्या दिवसापासून ती कुठलीच अळी स्वतः ओळखत नाही, मला विचारते. मला लाज वाटते, आणि खरं सांगू? कुणी विचारलं की बरंही वाटतं.

यंदा कापड्याला तिच्या खाचराच्या बांधावर बसलो होतो. तिनं चहाच्या गाळणीत एक अळी उचलली, जरा वेळ निरखली आणि माझ्यापुढे धरली.

"ही पण साधीच ना गो? माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाय."

दोन ठिपके मला स्वच्छ दिसले.

"साधीच," मी म्हटलं.

तिनं गाळणी पाण्यात उपडी केली.