नागोजीरावांची मूठ

गेज लावून हवा मोजणाऱ्या माणसाची नागोजीरावांना कीव येई. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात त्यांचं हवा-पंक्चरचं दुकान होतं आणि दुकानातलं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे त्यांची उजवी मूठ. टायरवर एक गुद्दा हाणायचा, क्षणभर मान तिरकी करायची आणि आकडा सांगायचा. "सव्वीस." मग गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी गेज लावायचं, आणि काटा सव्विसावर थांबला की मिशीतल्या मिशीत हसायचं. त्यांचे आजोबा साड्या रंगवायचे. पाण्यात बोट बुडवून रंग किती चढेल ते सांगायचे म्हणे. तेच बोट आपल्या मुठीत उतरलंय असं नागोजीराव सांगत, आणि तेवढं सांगून थांबतील तर शपथ.

तोंडाला कुलूप असं नव्हतंच. समोर मंजुनाथाने टायरचं दुकान टाकलं. तो त्यांच्याच जातीतला, वीस वर्षांनी लहान, त्यांना मामा म्हणणारा. त्याने आकडे दाखवणारं गेज आणलं तेव्हापासून रोज सकाळी नागोजीराव सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारत, "काय रे, तुझ्या यंत्राला चश्मा लागला की न्हाई अजून?" मंजुनाथ हसून सोडून देई. त्याच्या हसून सोडून देण्याचाच त्यांना जास्त राग यायचा.

हरिहर हे त्यांचं मानाचं गिऱ्हाईक. पुण्याहून नोकरीसाठी येऊन म्हैसुरात सात वर्षं झालेली, कन्नडची चार वाक्यं कशीबशी येणारी. आपल्या भाषेत बोलणारे काका भेटले म्हणून हा खूश. तीन वर्षांपूर्वी नवी गाडी घेतली तेव्हा तिचं पुस्तक घेऊन तो दुकानात आला होता. हवा कमी झाली की समोर पिवळा दिवा लागतो, त्याने समजावलं. मग चारही टायरांत हवा भरायची आणि स्टिअरिंगखालचं बटण तीन सेकंद दाबून धरायचं. त्या वेळी जेवढी हवा असेल तेवढीच बरोबर, असं गाडी लक्षात ठेवते.

"म्हणजे काका, आधी हवा, मग बटण. हवा न भरता बटण दाबलं, तर कमी हवा हीच बरोबर असं गाडी धरून चालेल. मग टायर फुटेपर्यंत दिवा लागायचा नाही."

"अय्यो, एवढं कळतं की," नागोजीराव म्हणाले.

खरंच कळत होतं. म्हाताऱ्याला नव्या गाडीतलं काय समजणार, असं कोणी पुढे म्हणू नये म्हणून हे इथेच सांगून ठेवतो.

आयुधपूजेचा दिवस आला. हरिहर त्याला खंडेनवमी म्हणे. जॅक, टॉमी, पाने, हवेची नळी, गेज, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलेलं, वर शेवंतीची फुलं. गंगाबाईने एकेकाला हळदकुंकू लावलं आणि शेवटी नवऱ्याच्या मुठीला लावलं. लग्न होऊन आली त्या वर्षापासूनचा हा त्यांच्या घरचा रिवाज. "हे पण आयुधच की," असं तिने तेव्हा लाजत म्हटलं होतं. पाटावरची हत्यारं आता दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलायची नाहीत.

दहाच्या सुमारास हरिहरची गाडी येऊन थांबली. शेजारी बायको, आभा. ती दातांची डॉक्टर. तिची आई विमानाने येणार होती, तिला आणायला दोघं बेंगळुरूला निघाले होते.

"काका, दिवा लागलाय हो. जरा हवा भरून देता?"

"आज आयुधं झोपल्येत. उद्या या की."

"विमान दोन वाजता उतरतंय."

समोरून मंजुनाथाने हाक मारली. "नोडी, हे बघा सर, इकडं घ्या गाडी. माझी पूजा सांजची आहे. मशीन चालूच आहे, दोन मिन्टात भरून देतो."

हरिहरने तिकडे पाहिलं. दोनच महिन्यांपूर्वी याने चारही टायर मंजुनाथाकडून घेतले होते. नागोजीरावांना तो काटा अजून सलत होता. आता हवेलाही रस्ता ओलांडला तर उरलं काय?

"बेड, बेड, नको तिकडं. मी बघतो. त्याला सांगा, सणाच्या दिवशी यंत्राला आराम देत जा म्हणून."

पुढच्या दोन टायरांवर त्यांनी मूठ हाणली. ठीक होते. मागचा उजवा ठीक होता. मागच्या डाव्यावर मूठ पडली आणि आत गेली. वीस. कदाचित तेवढीही नाही. मुठीने कधी खोटं सांगितलं नव्हतं, तिने त्या दिवशीही सांगितलं नाही. नागोजीरावांनी मान वर केली. रस्त्याच्या पलीकडे मंजुनाथ हवेची नळी हातात धरून तयार उभा होता.

"बत्तीस," ते म्हणाले. "टायर झकास आहे. त्या दिव्यालाच याड लागलंय, सुम्मनं, उगाच पेटतो."

वाकून त्यांनी बटण दाबून धरलं. एक, दोन, तीन. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. बटणावर त्यांच्या अंगठ्याचं कुंकू लागलं. हरिहर हसला. "वा, गाडीचीही पूजा झाली."

गंगाबाई पायरीवर चुरमुऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. अडतीस वर्षं ती त्या तिरक्या मानेकडे बघत आली होती. ऐकलेला आकडा वेगळा आणि बोललेला वेगळा, हे तिला लगेच कळलं. तिने फक्त आभाच्या ओंजळीत चुरमुरे घातले.

बेंगळुरूच्या वाटेवर, मंड्याच्या पुढे भर वेगात मागचा डावा टायर फुटला. गाडी फिरून कठड्यावर आदळली. हरिहरला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आभाचं डावं कोपर चुरलं, आतली नस गेली. दोन ऑपरेशनं झाली, पण त्या हाताची बोटं काही मिटेनात. आभा डावरी होती. दात काढायचा हात तोच.

बातमी नागोजीरावांपर्यंत पोचली. त्यांच्या मनात पहिला विचार आभाचा आला नाही. मंजुनाथाने काय काय पाहिलं, हा आला.

आठवड्याने हरिहर रिक्षातून उतरला तो थेट मंजुनाथाच्या दुकानात. दोन महिन्यांचा टायर फुटतोच कसा? जुना माल विकलास ना? मंजुनाथ आधी हात जोडून ऐकत होता. मग म्हणाला, "सर, टायर चांगला होता. मामांनी हवा भरलीच न्हाई. बटण तेवढं दाबलं. तुमच्यासमोरच की."

हरिहरने रस्त्यापलीकडे पाहिलं. नागोजीराव ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते.

"काका, त्या दिवशी हवा बरोबर होती ना?"

गल्ली थांबली. दाराशी गंगाबाई उभी होती. नागोजीरावांनी खरा आकडा तेवढा बोलायचा होता, आणि तो बोलायला अजून वेळ होता.

"बत्तीस," नागोजीराव म्हणाले. "माझ्या मुठीचं कधी चुकलंय?"

"कधीच नाही," हरिहर म्हणाला, आणि मंजुनाथाकडे वळला. "माझ्या बायकोचा हात गेला आणि वर तू या म्हाताऱ्या माणसावर ढकलतोस?"

त्याने ही हकीकत दुकानाच्या फोटोसकट फोनवरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती वसाहतीवसाहतींत फिरली. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी द्यायला चारशे सुशिक्षित माणसं. मंजुनाथ ज्याला त्याला खरं काय ते सांगत राहिला. जितकं सांगे तितका खोटा ठरे. गंगाबाईला कोणी विचारलं नाही, आणि तीही आपणहून बोलली नाही. तिचाही यात वाटा आहे.

दिवाळीत गाडी दुरुस्त होऊन आली. हवा भरायला हरिहर ती अर्थातच नागोजीरावांकडे घेऊन आला. आभाने उजव्या हाताने फराळाचा डबा पुढे केला. डावा मांडीवर उताणा पडला होता, बोटं अर्धवट उघडी.

"तुम्ही तपासून दिलं होतंत, काका. नाहीतर याहून वाईट झालं असतं, असं हे म्हणतात."

नागोजीरावांनी चारही टायरांत तेहतीस हवा भरली, गेज लावून, दोन-दोनदा. मग बटण दाबायला वाकले. गाडीचा पत्रा नवा होता, काच नवी होती, बटणावरचं कुंकू मात्र तसंच होतं. त्यांनी ते अंगठ्याने पुसलं आणि मग बटण दाबलं. गाडी गेल्यावर डबा उघडला. चकल्या खुसखुशीत होत्या. त्यांनी दोन खाल्ल्या.

संक्रांतीआधी मंजुनाथाचं शटर कायमचं पडलं. तो शहराबाहेर वरुणा नावाच्या खेड्यात मेहुण्याकडे गेला. तिथे बाइकला दुधाचे कॅन बांधून डेअरीवर नेतो म्हणतात. जाताना तो रस्ता ओलांडून आला, पण नागोजीरावांशी बोलला नाही. आपलं आकडेवालं गेज त्याने गंगाबाईच्या हातात ठेवलं.

"मामी, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. हे खरं सांगतंय."

झाकली मूठ सव्वा लाखाची. नागोजीरावांचा धंदा वाढला. आता दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं त्यांच्याच दारात. चेष्टा करायला समोर कोणी नाही एवढीच अडचण होती, पण तोंड बंद झालं नाही.

वर्ष सरलं, आयुधपूजा आली. जॅक, टॉमी, पाने, नळी पाटावर मांडली गेली. गंगाबाईने कपाटातून मंजुनाथाचं गेज काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, पाटाच्या मधोमध ठेवलं आणि पहिलं हळदकुंकू त्याला लावलं.

"ते कशाला?" नागोजीराव म्हणाले.

ती एकेका हत्याराला कुंकू लावत शेवटच्या पान्यापर्यंत आली. नेहमीप्रमाणे नागोजीरावांनी मूठ पुढे केली.

गंगाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग करंड्याला झाकण लावलं, पदर सावरला आणि उठली.

"आयुधं झाली की सगळी," ती म्हणाली आणि आत गेली.

मूठ तशीच पुढे धरून ते पाटासमोर बराच वेळ बसून होते. गिऱ्हाइकाने हाक मारली तेव्हा कुठे त्यांनी ती खाली घेतली.