श्री लावलेल्या फायली

मी तापट आहे, हे आमच्या कॉलेजात भिंतींनासुद्धा ठाऊक आहे. पण त्या दिवशी माझा आवाजच फुटला नाही. दसऱ्याची सुट्टी संपवून प्रयोगशाळेत आले, संगणक लावला, आलेखांचा प्रकल्प उघडला, तर समोर बेचाळीस रिकाम्या चौकटी. शीर्षकं जागच्या जागी होती. धोक्याची मर्यादा दाखवणारी लाल आडवी रेघही होती. पाण्याच्या आकड्यांच्या ज्या रेघेसाठी एवढा पसारा मांडला होता, तीच तेवढी गायब. प्रत्येक चौकटीवर एकच निरोप: डेटा फाईल सापडत नाही.

आणि चार दिवसांवर ग्रामसभा आलेली.

ग्रामसभा आमच्या मामांच्या गावची. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. वयानं माझ्यापेक्षा मोठे आणि माझ्या रागाला न घाबरणारे कॉलेजातले एकमेव गृहस्थ. त्यांचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. जुनं गाव धरणात गेलं तेव्हा त्यांच्या वडिलांनी नव्या जागी विहीर खणली आणि ती अख्ख्या गावाला मोकळी केली. ती पिण्यासाठी ठेवायची की बंद करायची, हे त्या सभेत ठरणार होतं, आणि ठरणार होतं माझ्या आलेखांवरून.

त्यासाठी तीन वर्षं मामा दर महिन्याला तिथल्या विहिरींचं नि बोअरचं पाणी आणत होते. केम स्टेशनावर रेल्वेत बसायचं आणि थर्माकोलची पेटी मांडीवर घ्यायची. डब्यातल्या लोकांना वाटायचं मासे आहेत. कुणी भाव विचारला की मामा शांतपणे सांगायचे, "पानी हाय." पुढं कुणी काही विचारत नसे.

सुट्टीआधी मी त्यांना आलेख दाखवून म्हटलं होतं, "मामा, तुमची विहीर पास." त्यांनी दुसऱ्या दिवशी पेढे आणले. दोन महिन्यांपूर्वी नात झाली तेव्हाही आणले होते, पण हे जरा मोठे होते.

"मामा, संगणकाला कुणी हात लावला?" मी शेवटी विचारलं.

"कुणीच न्हाय. म्या फकस्त पूजा केली की."

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या सगळ्या उपकरणांना हळद-कुंकू लागतं. तराजू झाला, सूक्ष्मदर्शक झाला, संगणकावर झेंडूचं फूल ठेवून झालं. नारळ माझ्यासमोरच फुटला आणि खोबरंही मीच आधी उचललं होतं. मी गेल्यावर मामांना वाटलं, आतलं सामान राहिलं.

"भाईरून समद्यास्नी झालं. आतल्या फायलींचं कोण करनार? म्हनून येकेकीला म्होरं श्री लावलं."

नवी वही उघडली की आधी श्री लिहायचं, हे त्यांना शाळेत शिकवलं होतं. फाईलचं नाव बदलायचं कसं, हे मी शिकवलं होतं. बाटल्यांच्या फोटोंना नावं द्यायला. दोन्ही शिक्षणांचा त्यांनी एकाच दुपारी उपयोग केला होता.

मी श्वास घेऊन समजावलं. या सॉफ्टवेअरच्या पोटात आकडे नसतात, आकड्यांच्या फाईलचा फक्त पत्ता असतो. आपण दारावरची पाटी बदलली, की ते म्हणतं असं घरच नाही.

"मंग शेजारी इचारायचं की," मामा म्हणाले.

साधा उपाय होता: श्री खोडून टाकायचं. मी पहिल्या फाईलचं नाव निवडलं, बोट नेऊन ठेवलं.

"मॅडम, लिवल्यालं श्री पुसत्यात व्हय?"

दर जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना मी वैज्ञानिक दृष्टिकोनावर पाऊण तास बोलते. मुलं जांभया देतात, मी रागावते. तीच मी, पण बोट काही खाली दाबलं जाईना. मामांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेवढी सभ्यता त्यांच्यात आहे.

मग राहिला लांबचा रस्ता. एकेक आलेख निवडायचा, सॉफ्टवेअर जुना पत्ता दाखवतं, त्या जागी नवा द्यायचा. मामा स्टूल ओढून शेजारी बसले. मी जुनं नाव वाचायचे, ते यादीतून श्री लावलेलं शोधून द्यायचे. रेघा एकेक करून परत यायला लागल्या. प्रत्येक रेघ उमटली की मामा म्हणत, "आली बगा," जणू पाहुणीच आली. माझा रागही बराचसा ओसरला.

दुपारी मामांच्या विहिरीचा यंदाचा आलेख आला. शीर्षक यंदाचं, पण जुन्या पत्त्यात नाव तीन वर्षांपूर्वीच्या फाईलचं.

"मामा, इथं काय केलंत?"

"म्या म्होरं श्री लावलं. मागलं जसंच्या तसं हाय."

मी सॉफ्टवेअरला नावं ठेवली. मग आठवलं. यंदाचा आलेख करताना मी जुन्याचीच नक्कल घेतली होती, शीर्षक बदललं, रंग बदलला, फाईल जोडायची तेवढी राहिली. यंदाचे आकडे मी स्वतःच्या हातानं भरले होते. पण भरताना आकडे वाचतं कोण? ज्या रेघेवर मी विहीर पास केली, ती तीन वर्षांपूर्वीच्या पाण्याची होती.

मी यंदाची फाईल जोडली. रेघ उमटली आणि चढत गेली. आषाढात तिनं लाल रेघ ओलांडली, ती पुन्हा खाली आलीच नाही. या वेळी मामा "आली बगा" म्हणाले नाहीत.

"ह्ये काय म्हनायचं?"

"नायट्रेट. ऊस, केळी, त्यांना घातलेलं खत झिरपत विहिरीत येतं. मोठ्यांचं एक वेळ निभतं, मामा. तान्ह्या बाळांना बाधतं." आणि मग म्हटलं, "चूक माझी आहे. तुमची नाही. मला माफ करा." कुणाची माफी मागायची मला सवय नाही. शब्द ओबडधोबडच निघाले.

"सूनबाई उकळून घिती की. वरचं दूद पावडरीचं, त्यात घालाय."

"उकळून हे जात नाही."

मामांनी स्टूल पुढं ओढून ती रेघ बोटानं आषाढापर्यंत मागं गिरवली. मग हळूच विचारलं, "मॅडम, पयली फाईल परत जोडता येती का?"

"येते."

दोन क्लिकचं काम होतं. माझा हात माऊसवर होता, तो मी काढून मांडीवर घेतला. ते म्हणाले असते तर मी काय केलं असतं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

"नगं," मामा म्हणाले. "हीच छापा. मोटी छापा, मागं बसत्यात त्यांस्नी बी दिसाय पायजे."

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि गावी घरी लावला.

"सूनबाई, लेकराच्या दुदात त्ये पानी घालू नगंस. न्हाय, धरनाचं न्हाय, हिरीचं." पलीकडून तिनं काहीतरी विचारलं. मामांनी माझ्याकडे पाठ केली.

"व्हय. आपल्याच हिरीचं."