थांबती कुठं ते सांगा

अण्णांना गाडीत शेजारच्या सीटवर बसवायला कोणी राजी नसे. त्यांच्या मुलाने, नितीनने, तर तोंडावर सांगितलं होतं, "अण्णा, मागे बसा, नाहीतर रिक्षाने या." कारण असं की शेजारी बसले की अण्णांचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबायचा. तिथे ब्रेक नसायचा, ही गोष्ट वेगळी. पुढच्या रिक्षाचा लाल दिवा लागला की टाच रुतली, गतिरोधक दिसला की रुतली, कुत्रं नुसतं रस्त्याकडे बघत उभं असलं तरी रुतली. चालवणाऱ्याला वाटायचं, आपल्याला काही म्हणजे काही येत नाही.

गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे, मी दुसऱ्यावर. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती, त्यातली निम्मी नाशिक-सटाणा. पुढे काचबिंदूने डावा डोळा गेला आणि लायसन्स गेलं, पण पाय काही निवृत्त झाला नाही. बसणं हा प्रकारच त्यांना माहीत नव्हता. चहा उभ्याने, पेपर जिन्यात उभ्याने, गप्पा पार्किंगमध्ये फेऱ्या मारत. "बसा ना अण्णा," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "बसून लय झालं ताई, एकतीस वर्षं बसलो."

मीही काही शांत बाई नाही. एका जागी दहा मिनिटं बसले की मला कुठलं तरी काम आठवतं. नवरा गेल्यापासून आणि मुलगी पुण्याला नोकरीला लागल्यापासून हे जास्तच झालं. त्यात आई सटाण्याला एकटी. नाशकात येऊन राहा म्हटलं की म्हणायची, "तुझ्याकडं येऊन काय करू? भिंती मोजू?" आणि त्या दिवाळीनंतर ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. शेजारणीचा फोन मला सकाळी नऊला आला. बस, मग पिंपळगावला खोळंबा, मग दुसरी बस, असं करत मी पोचले तेव्हा दीड वाजला होता. हाड मोडलं नव्हतं. पण ते साडेचार तास माझ्या अंगातून काही गेले नाहीत. आपल्याकडे गाडी हवी, फोन वाजला की दार ओढून निघता आलं पाहिजे, एवढंच डोक्यात बसलं.

दर शनिवारी सटाणा म्हटल्यावर पेट्रोल मला झेपणारं नव्हतं. ओळखीतून कळलं की इंदिरानगरचे एक निवृत्त प्राध्यापक मुलाकडे बंगळुरूला कायमचे निघालेत आणि त्यांना चार वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी विकायची आहे. पांढरी, स्वच्छ, माझ्या ऐपतीत बसणारी. मी ती बघून आले आणि घ्यायची ठरवली. रात्री नको ठरवली. सकाळी पुन्हा घ्यायची ठरवली. चौथ्या दिवशी प्राध्यापकांनी माझा फोन उचलल्यावर नमस्कारही न करता विचारलं, "आज काय आहे, हो की नाही?"

मी अण्णांना विचारलं ही माझी चूक. ते रोज सकाळी एक नवी शंका घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे राहू लागले. बॅटरी म्हातारी झाली म्हणजे काय करायचं? पावसात वायर भिजली म्हणजे? मी म्हटलं, "अण्णा, एका चार्जमध्ये दोनशे किलोमीटर चालते म्हणतात." अण्णांनी हात झटकला. "चालती किती ते नका सांगू ताई. चालती किती ते समदेच सांगत्यात. थांबती कुठं ते सांगा."

हे वाक्य त्यांनी मला नंतर इतक्या वेळा ऐकवलं की मी वैतागले. एकदा म्हटलंही, "तुम्हाला नको म्हणायला काय जातं? पडली ती माझी आई आहे." अण्णा फेऱ्या मारायचे थांबले. मग त्यांनी मला एसटीत लागायच्या आधीची गोष्ट सांगितली. तेव्हा ते सटाणा-चांदवड काळीपिवळी जीप चालवायचे. वय बावीस. एका सकाळी डिझेलचा काटा अर्ध्यावर दिसला म्हणून न भरता निघाले, आणि भावडबारीच्या घाटात जीप बंद पडली. काटा अडकलेला होता, टाकी कोरडी. जीपमध्ये एक माणूस होता, त्याचे वडील पहाटे वारले होते आणि तो चांदवडला निघाला होता. "दोन तास कोनी थांबलं नाय. तो मानूस मला एक शबुद बोलला नाय ताई. नुसता रस्त्याकडं बघत उभा. पोचला तवा राख शे नुसती." अण्णा गडबडले किंवा गहिवरले की त्यांच्या बोलण्यात बागलाणातलं 'शे' यायचं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच माझ्याबरोबर इंदिरानगरला आले. प्राध्यापकांनी फाइल काढली, बॅटरीच्या तब्येतीचा कागद दाखवला. अण्णांनी तो हातातही घेतला नाही. उभ्यानेच विचारलं, "सर, ही रस्त्यात शेवटची कधी उभी राहिली होती?"

"कधीच नाही," प्राध्यापक अभिमानाने म्हणाले.

"लांबात लांब कुठवर नेली?"

प्राध्यापकांनी आठवून पाहिलं. "त्र्यंबकेश्वर. दोनदा."

अण्णा माझ्याकडे वळले. "देवाला आन भाजीला गेलेली गाडी हाय ही. हिचं हिलाच म्हाईत नाय ती किती चालती." मग प्राध्यापकांना म्हणाले, "रविवारी द्या आमाला. सटाण्याला नेऊन आनतो. त्याबिगर ताई हो बी म्हनायची नाय आन नाय बी म्हनायची नाय." प्राध्यापकांनी किल्ली लगेच दिली. त्यांना बहुधा फोनपासून सुटका हवी होती.

रविवारी सकाळी सातला निघालो. मी गाडी चालवायला शिकून जेमतेम सात महिने झाले होते आणि शेजारी अण्णा. ओझरपर्यंतच त्यांच्या टाचेने मला घाम फोडला. त्यात ही गाडी आवाज करत नाही, त्यामुळे पायपुसण्यावर घासणारी टाच स्पष्ट ऐकू यायची. माझी नजर सारखी चार्जच्या आकड्यावर. पंच्याण्णव झाला, चौऱ्याण्णव झाला. अण्णा म्हणाले, "तुमी रस्ता बघा. आकडा मी बघतो. आज मी कंडक्टर." आणि खिशातून डायरी काढून त्यांनी प्रत्येक थांब्यावर पुकारा सुरू केला. "ओझर, नव्वद." "पिंपळगाव, ब्याऐंशी." "सोग्रस फाटा, पासष्ट." एसी बंद, काचा अर्ध्या खाली, दोघांच्या तोंडावर धूळ.

भावडबारीच्या चढाला आकडा भराभर उतरायला लागला. एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. अण्णांनी पुकारणं थांबवलं. ते बाहेर डाव्या कठड्याकडे बघत होते, जिथे एका वळणावर थोडी मोकळी जागा आहे. ती कुठली जागा हे मी विचारलं नाही. माझ्या मनात एकच, की आता थांबली तर हा माणूस दुसऱ्यांदा इथेच उभा राहील आणि ते माझ्यामुळे.

मग उतार लागला. मी भीतीने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तशी गाडी आपोआप संथ झाली. अण्णांनी त्याच क्षणी टाच दाबली होती. त्यांनी चमकून पायाकडे पाहिलं. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. त्यांनी दाबली, मी उचलला, गाडी दबकली. "ताई," ते म्हणाले, "ही माझं ऐकती." आणि उतार संपताना त्यांनी आकडा पाहिला आणि डायरी मांडीवर आपटली. "भावडबारी, पन्नास! अहो, वाढली. उतारात भरती ही?" एकतीस वर्षं घाट उतरताना ब्रेक तापवलेला माणूस तो. देवळ्यापर्यंत ते दर दोन मिनिटांनी हसत होते.

सटाण्याला पोचलो तेव्हा एकोणचाळीस उरले होते. म्हणजे परत जायला पुरणार नाहीत हे उघड होतं. आई दारातच उभी होती. अण्णांनी तिला विचारलं, "कशी शे माय?" आई म्हणाली, "बरी शे रे भाऊ. ये, बठ." ते अर्थातच बसले नाहीत. गिझरच्या प्लगला चार्जरची वायर लावली, तर त्याच्या डब्यावर लाल दिवा. काढून लावली, पुन्हा लाल. मी लगेच प्राध्यापकांना फोन लावायला निघाले, नाही सांगायला.

अण्णा म्हणाले, "माय, अर्थिंग कुठं शे? करंट जमिनीत सोडायची नळी?" आईला माहीत नव्हतं. ते परसात गेले, मोरीच्या मागे अडुळशाच्या झुडपाखाली हात घालून एक गंजलेली नळी शोधून काढली. भोवतीची माती भेगाळलेली. त्यांनी आईकडून दोन मुठी जाडं मीठ घेतलं, नळीच्या खड्ड्यात टाकलं आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. माती चर्र करत पाणी प्यायली. आत येऊन वायर लावली तर दिवा हिरवा. आई बराच वेळ त्या ओल्या जागेकडे बघत होती. मला म्हणाली, "तुझा बाप दर उन्हाळ्यात तिथं पानी घालायचा. मला वाटायचं अडुळशाला घालतो."

आता पाच तास थांबणं भाग होतं. मी दर वेळी आईकडे जायची ते घड्याळ लावून. तीनची बस चुकली तर अंधार, म्हणून पिशवी सोडायचीसुद्धा नाही. त्या दिवशी पळायला गाडीच नव्हती. मी आकडा बघून आले, परसात गेले, पुन्हा आकडा बघितला. दोन वाजता लाइट गेली आणि मी कपाळाला हात लावला. आईने भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप माझ्यापुढे सरकवलं. "फोड," म्हणाली. मी फोडायला लागले. थोड्या वेळाने शेंगांकडेच बघत ती म्हणाली, "तू येती ती जायलाच येती."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग आईने मला पडल्याची खरी हकीकत सांगितली. ती नऊला नव्हे, पहाटे साडेपाचला पडली होती. शेजारीण येईपर्यंत गार फरशीवर पडून तिने मनात सगळे हिशेब मांडले होते, मला कळवायचं की नाही, मी रजा कशी काढीन, बस मिळेल का. हे इतक्या महिन्यांत तिने सांगितलं नव्हतं, कारण मी तेवढा वेळ कधी थांबलेच नव्हते. लाइट आली तेव्हा साडेतीन झाले होते. बाहेर येऊन बघते तर अण्णा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. बसले होते आणि झोपले होते. बसलेले अण्णा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

परतीच्या वाटेवर आम्ही देवळा ओलांडला. मग अण्णा म्हणाले, "घ्या ताई."

"नक्की? रोज तर नको म्हणत होतात."

"थांबती कुठं ते कळलं ना. आईच्या दारात पाच तास थांबती. दुसरी कुठली गाडी तुमाला तिथं थांबवनार होती? घ्या. फकस्त एक. पोचलं की आधी वायर, मंग च्या. काट्यावर भरवसा नाय."

गाडी घेतली. पुढची दोन वर्षं अण्णा महिन्यातून एकदा तरी कंडक्टर म्हणून येत. आई दर शनिवारी मी यायच्या आधी त्या नळीला बादलीभर पाणी घालू लागली. आणि कितीही दमून पोचले तरी मी आधी वायर लावायची, मग चहा. एकदा कंटाळून उद्या लावते म्हटलं तर आईच ओरडली, "अण्णाला सांगू का?"

गेल्या माघातल्या एका रविवारी सकाळी साडेसातला, मी सटाण्यात मुक्कामाला असताना, फोन वाजला. नितीन होता. अण्णा पहाटे झोपेतच गेले. दहाला नेणार होते. आई म्हणाली, "मी येत नाय, माझ्या आवरण्यात तुला उशीर व्हईल. तू निघ." मी वायर ओढली. आकडा शंभर होता. आदल्या संध्याकाळी ती मी लावल्याचंही मला आठवत नव्हतं. घाटातल्या त्या मोकळ्या जागेवरून जाताना मी तिकडे पाहिलं नाही, रस्ता पाहिला.

दहा वाजून पाच मिनिटांनी पोचले. सगळी तयारी झाली होती, पण कोणी उचललं नव्हतं. नितीन पुढे आला आणि म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी थांबलो."

पुढच्या शनिवारी पुन्हा सटाण्याला निघाले. डाव्या बाजूच्या पायपुसण्यावर टाचेएवढी जागा झिजून गुळगुळीत झाली आहे. गाडी धुणाऱ्याला मी सांगून ठेवलंय, ते बदलायचं नाही. चढाला आकडा अठ्ठेचाळीसवर आला. उतार लागला, मी पाय उचलला, गाडी संथ झाली. उतार संपला तेव्हा शेजारची सीट रिकामी होती, तरी मी मोठ्याने म्हणाले, "भावडबारी, पन्नास."